रंगावरून झालेले भांडण

हवालदारांचे आणि माझे रंगावरून भांडण झाले आणि त्यामुळे आमचा खेळ मोडला, ही हकीकत बारामतीत आणि इंदापुरात इतक्या जणांनी इतक्या खात्रीने सांगितली आहे की, ती खोटी आहे असे म्हणणाराच आता खोटा ठरतो. ठरू द्या. भांडण झाले नाही. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या खोलीत नव्हता. खोलीत हवालदार होते, मी होतो आणि माझी पत्नी होती. ते दोघेही आता नाहीत. गप्प राहण्याचा शब्द मी ज्यांना दिला होता ते गेले, तेव्हा तो शब्दही संपला असे मी मानतो.

हवालदार इंदापूर तालुक्यातले, पूर्वी मेंढरे राखणाऱ्या घरातले, लष्करातून निवृत्त झालेले. मी त्यांना आबा म्हणत असे, ते मला तात्या. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात सारी नोकरी काढली आणि नंतर बारामतीत जळोचीच्या बाजूला घर बांधले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही एक रणांगण मांडले. प्लायवूडच्या फळ्या जोडून त्यांवर नीरेचा उतार, पलीकडची टेकाडे, एक गढी, बाभळीचे बन. अलीकडे मराठे, पलीकडे मोगल. फूटपट्टीने चाल मोजायची, फासे टाकून घाव ठरवायचा. ही लढाई कोणत्याही इतिहासात नाही. ती आमची होती. म्हातारपणी आम्ही दिवाळीचा किल्ला करत बसलो होतो, असेही काही जण म्हणतात. पोरांचा किल्ला सण सरला की मोडतो. आमचे रणांगण बारा महिने उभे असे आणि त्याला नियम होते.

मावळे मात्र दिवाळीतलेच, हे खरे. कुंभाराकडून आणलेले, सगळे एका साच्यातले. प्रत्येकाचा उजवा हात वर आणि हातात तलवार. अशी फौज लढत नाही, मिरवते. म्हणून आम्ही हॅकसॉच्या पात्याने एकेकाचा हात उतरवत असू, खांद्यात तार खोचून तिच्यावर नळाचे सांधे बुजवायच्या पुट्टीचा नवा हात घडवत असू. कुणी भाला रोखलेला, कुणी घोड्याचा लगाम खेचणारा, कुणी जखम दाबून बसलेला. भाले खराट्याच्या काड्यांचे, ढाली सदऱ्याच्या गुंड्यांच्या. घोसाळ्याची वाळकी जाळी हिरवी रंगवून मी तिची झाडी केली होती. जमीन माझी आणि माणसे आबांची, अशी वाटणी होती. लष्करात साहेबांसाठी वाळूचे नकाशे करणाऱ्या आबांनी मला टेकाडांचा उतार कसा असावा हे सांगून पाहिले. मी ऐकले नाही. त्यावरूनही भांडण झाले नाही.

रंगवण्यात आबांचा एक दंडक होता: डोळे सर्वांत शेवटी. पागोटे, मिशी, कमरेचा पट्टा वाळल्यावर बाभळीच्या काट्याचे टोक काळ्या रंगात बुडवायचे, श्वास रोखायचा आणि दोन ठिपके द्यायचे. डोळे नसलेला गडी त्यांनी कधी फळीवर उभा केला नाही. "आंधळा लढाईत गेला तर आपल्याच माणसाला हाणायचा," असे ते म्हणत.

त्या दिवसांत ते लोणी देवकरच्या एका कारखान्यात गेटवर रखवालदार होते. सुटीच्या दिवशी एसटीने माझ्याकडे येत. एका पावसाळ्यात ते ठिपके सरकू लागले. आधी गालावर उतरले, मग एकाचा डोळा कपाळावर गेला. मला वाटले, रंग पातळ झाला असेल. पुढे एका मराठ्याच्या अंगावर मोगलांचा हिरवा अंगरखा चढला. मग एकदा त्यांनी कपातला चहा बशीच्या बाहेर ओतला आणि मला समजले. मी विचारले नाही. ते गेल्यावर टर्पेंटाइनच्या बोळ्याने ठिपके पुसले आणि नवे काढले. दर खेपेला तेच केले.

याला लोक माझा अहंकार म्हणतात. दुसऱ्याचा हात मला खपत नव्हता, म्हणतात. साफ खोटे. त्यांच्यासारखा डोळा मला कधीच साधला नाही. रणांगण पाहायला शेजारपाजारचे येत असत, कुणी तरी हसले असते, आणि ते हसणे मला त्या घरात नको होते. यात चूक काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही. बघे डोळ्यांची वाखाणणी करत आणि आबा ती मान खाली घालून ऐकत. त्या मानेकडे मी अधिक लक्ष द्यायला हवे होते, एवढेच.

एका दुपारी त्यांनी फळीवर हात फिरवत बनाच्या कडेचा एक मावळा उचलला. पत्नी चहा घेऊन आली होती.

"वैनी, ह्या गड्याला डोळे हायत का हो?"

"हायत की. चांगले टपोरे. तुमचाच हात त्यो, आबा."

"माझा न्हाय. ह्याला म्या मुद्दाम आंधळा ठिवून गेलतो."

पत्नी माझ्याकडे पाहू लागली. आबाच हसले. "तुमच्या मालकांनी फौजेसाठी डोळ्याचा दवाखाना काढलाय, वैनी. फुकाट!"

मग त्यांनी सांगितले. काचबिंदू होता. पुण्याच्या डॉक्टरांनी गेलेली नजर परत येणार नाही असे सांगितले होते, आणि उरलेलीही जात होती.

"मग गेटवर कसं निभतं?" मी विचारले.

"आवाजावर. गाडीचा आवाज वळखतो, सायबाचा खोकला वळखतो. गेटवर हुबा हाय तवर घरात माझ्या शब्दाला वजन हाय, तात्या. हे कळलं का नोकरी गेली. मग वसरीवर बसायचं आन् कुनी भाकर वाढंल तवा खायची."

"इथं कोण सांगणार आहे?"

"सांगाय कशाला पायजे? लोकं हितं बगाय येत्यात. रंगवताना कुनी बी वळखंल. आता म्या येत न्हाय."

"लोक विचारतील."

"सांगा, भांडान झालं."

"कशावरून?"

"रंगावरनं. तुमचा सोभाव बगून फुडं कुनी इचारायचं बी न्हाय."

त्यांनी ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले आणि माझ्या फडताळात ठेवले. मी त्यांना बसपर्यंत सोडायला निघालो, तर म्हणाले, "आता कसं येता? भांडान झालंय न्हवं?"

आबांचा अंदाज बरोबर निघाला. ज्याला ज्याला सांगितले त्याने लगेच मान डोलावली. इतक्या वर्षांच्या ओळखीत एकानेही "तुम्ही आणि भांडण?" असे म्हटले नाही, हे मी विसरलेलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मला राहवले नाही. बसने लोणी देवकरला गेलो. आबा गणवेशात, ताठ, गेटवर उभे होते. शेजारी एक तरुण रखवालदार होता, त्यांच्याच गावचा. तो एकदा रणांगण पाहून गेला होता. मी आबांच्या समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे तोंड केले आणि परक्याला विचारावे तसे दरडावून विचारले, "कोन पायजे?"

मी एक शब्द उच्चारला असता तर त्यांनी आवाजावरून मला ओळखले असते, त्यांचा चेहरा पालटला असता, आणि इतक्या जवळ उभा असलेला माणूस यांना दिसला नाही हे त्या तरुणाला कळले असते. मी न बोलता वळलो आणि रस्ता ओलांडला.

मागून तो तरुण म्हणाला, "आवो आबा, हे तर तुमचं बारामतीचं तात्या! बोललं बी न्हाईत."

 मग आबांचा आवाज आला, गरजेपेक्षा मोठा. "बगितलं की म्या! मुद्दाम इचारलं. भांडान हाय आमचं."

तात्या गेटपर्यंत आले, समोर उभे राहिले आणि तोंडातून शब्द न काढता मित्राचा अपमान करून गेले, ही हकीकत त्या तरुणाने सांगितलेली आहे. त्याने पाहिले ते खरे आहे. समोर थांबा होता, बस लवकर आली नाही. ती येईपर्यंत मी गेटकडे पाठ करून उन्हात उभा होतो.