तळातलं पोतं

"वरचं काय बघलालास? तळातलं बघ."

बाबा हे कुणाला म्हणाले ते कळेना. त्यांच्यासमोर कुणीच नव्हतं. उभी ज्वारी होती, आणि तिच्याकडे तोंड करून बाबा एकटेच... मग त्यांनी मूठ आवळून हात जोरात खाली मारला. हात अर्ध्यातच काहीतरी लागल्यासारखा थांबला. ते मनगट धरून मटकन खाली बसले.

"भाऊ, आज बाजार बंद हाय," काका ओरडले. "पांडवांचं पोतं तपासलालाव व्हय?"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

खरं तर असले अनुभव मी इथं या ग्रुपवर नुसते वाचते आणि मनात त्यांची कारणं शोधत पुढं जाते. स्वतःचा लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. त्यामुळे जसं घडलं तसंच सांगते.

आम्ही मुरुमचे. बाबांची तिथं धान्याची छोटी आडत आहे. तीस वर्षं झाली, बाबा पोत्यात बंबी खुपसून माल पारखतात. बंबी म्हणजे नमुना काढायची टोकदार लोखंडी नळी. त्यांचं एक वाक्य ठरलेलं – वर चांगला माल दाखवायलाच भरलेला असतो, तळातलं बघ. दादा आणि मी हे ऐकतच मोठे झालो. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं, दादाला मात्र आडतीवर बसवायचं ठरवलं होतं. दादानं गुपचूप परीक्षा दिली आणि नौदलात गेला. निघताना तो पाया पडला, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "समुद्रात पोती नसतेत. म्या शिकवलेलं समदं वाया गेलं."

त्याला दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून दादाचा फोन आला की बाबा उठून बाहेर जातात. घरात त्याचं नाव काढत नाहीत. आई मधल्यामध्ये झुरते, आणि मी... मी तशीही कमीच बोलते.

तो दिवस येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा होता. आमच्याकडे या दिवशी बाजार बंद असतो, सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून त्यात पांडव म्हणून दगड मांडून पुजायचे, भज्जी ही मिसळभाजी आणि बाजरीचे उंडे खायचे, आंबिल प्यायची. भर दुपार होती. मी मोबाईलवर कोपीचा फोटो काढत होते, त्यात मागं बाबा आलेत – वाकलेले, हात खाली गेलेला. फोटोवर वेळ आहे १२.४७.

संध्याकाळपर्यंत त्यांचं उजवं मनगट टम्म सुजलं. उमरग्याला एक्स-रे काढला. काही निघालं नाही.

पुढच्या आठवड्यात पेपरात चार ओळींची बातमी आली. नौदलानं एक मालवाहू जहाज अडवलं, तांदळाच्या पोत्यांखाली शस्त्रं सापडली. बाबांनी ती बातमी दोनदा वाचली, पेपर घडी करून गादीखाली ठेवला.

त्यानंतर दादाचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. मी विचारलं, तर त्यानं आधी उठून खोलीचं दार लावलं.

"बातमी वाचलीस ना? त्या झडतीत मी होतो. कागदपत्रं एकदम बरोबर होती गं. कॅप्टन हसून चहा देत होता. आमचे साहेब म्हणाले, चला, सोडा यांना. मी वळलोच होतो... आणि पाठीमागून बाबा बोलले."

"बाबा?"

"वरचं काय बघलालास, तळातलं बघ. अगदी कानाजवळ. मी मागं बघितलंसुद्धा नाही. तिथं पडलेला एक गज उचलला आणि जोर लावून खालच्या पोत्यात खुपसला. खण्णकन वाजलं. खांद्यापर्यंत हात बधिर झाला. तांदळात रायफली होत्या."

कुठं ते तो सांगत नाही, मी विचारत नाही. दिवस आणि वेळ तेवढी विचारली. येळवशीचाच दिवस, आपल्या घड्याळात पावणेएकच्या आसपास, म्हणाला.

"बाबांना सांगू नको," तो म्हणाला. "त्यांना वाटेल, मी मस्का लावतोय." नाही सांगणार, असा मी शब्द दिला.

मी खूप विचार केला. दादाचं एक वेळ समजू शकते. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य ऐन वेळी आठवलं असेल, माणसाला भास होतो. पण बाबांचं काय? बाजार बंद, समोर पोतं नाही, हातात बंबी नाही. मग त्यांच्या हाताला काय लागलं? मला अजूनही सांगता येत नाही.

परवा दुपारी डबा घेऊन आडतीवर गेले. बाबा तुरीच्या पोत्यात बंबी घालत होते, मनगट अजून दुखत होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "येळवशीला म्या कुणाला बोललो गं? तू तिथंच हुतीस."

मी डबा उघडत राहिले.

"वय झालं, दुसरं काय," ते म्हणाले. बंबीतली तूर तळहातावर घेऊन चाळवत बसले. "माणूस उगंच बडबडतंय. ऐकणारं कोण हाय?"

दादाला दिलेला शब्द मला आठवत होता. तरी माझ्या तोंडून निघालं,

"दादानं ऐकलं, बाबा."