मिस्त्रींचं ट्रकचं तेल

माझ्या गाडीचं इंजिन आज ठणठणीत आहे ते कापूरहोळच्या एका मिस्त्रींमुळे. फाट्यावरून भोरचा रस्ता फुटतो तिथून जरा पुढे, टायरवाल्याच्या शेजारी, त्यांची पत्र्याची शेड आहे. मी नसरापूरजवळच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. शाळेत मुलं मला वचकून असतात, घरची माणसं माझा आवाज चढला की हळूच दुसऱ्या खोलीत जातात, आणि मिस्त्रींना मी एकदा चारचौघांत नको ते बोलून बसले. त्या बोलण्याचं त्यांनी काय केलं ते लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी गाडीबद्दल. गाडी जुनी, पेट्रोलची, दिसायला अगदी गरीब. पण इंजिन मी हौसेनं बनवून घेतलेलं आहे. व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅमशाफ्ट, कडक स्प्रिंगा, आणि त्या सगळ्याला शोभेल असा आवाज. रविवारी सकाळी मार्गासनी, विंझर करत मी वेल्ह्याला जाते आणि तिथून केळदच्या चढाला लागते. माझ्या वयाच्या बाईनं असं करावं का, हे मला बऱ्याच जणांनी विचारून झालं आहे. मी उत्तर देत नाही, गिअर टाकते.

या गाडीत मिस्त्री ट्रकचं तेल घालायचे. म्हणजे डिझेल इंजिनांसाठी बनवलेलं, जाडसर, काळ्या डब्यातलं. तेसुद्धा कुठलंही नाही. हल्ली नव्या ट्रकांसाठी वेगळं तेल निघालं आहे, ते त्यांना चालत नसे. डब्यामागची इंग्रजी अक्षरं ते चित्र ओळखावं तशी ओळखत आणि जुन्याच जातीचं मागवत. का, असं विचारलं तर म्हणत, "ह्या कॅमला त्येच मानवतं, बाई." मला "मानवतं" हा शब्द शास्त्रात चालत नाही.

त्यांची आणखी एक सवय होती. तेल बदललं की जुना फिल्टर ते फेकत नसत. हॅकसॉ घेऊन त्याचा पत्रा गोल कापायचा, आतला घडीघडीचा कागद सोडवायचा, तारेवर चिमट्यानं वाळत घालायचा, आणि सुकला की उन्हात तिरका धरून बघायचा. इंजिनात काही झिजत असेल तर त्याची कणी त्या कागदात अडकते. बघून झालं की कोपऱ्यात पेन्सिलीनं गाडीचा नंबर आणि तारीख टाकून कागद मागच्या भिंतीला खिळ्यावर. त्या भिंतीची आम्ही सगळे थट्टा करायचो. आम्ही म्हणजे मी आणि पुण्याहून रविवारी येणारे चार-पाच जण, वेगवान गाड्यांचे शौकीन. त्यांना मिस्त्रींचा पत्ता मीच दिला होता.

तर एका सुट्टीत मी तेलांचा अभ्यास केला. अभ्यास कसला, डबे वाचले. पेट्रोल इंजिनाच्या तेलावर "एस" आणि त्याच्यापुढे आणखी एक अक्षर असतं. ते पुढचं अक्षर बाराखडीसारखं सरकत जातं. जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. मी इतकी वर्षं शाळेत आहे. नवं पुस्तक आलं की जुनं रद्द होतं आणि जुन्यातलं चांगलं ते सगळं नव्यात असतं, असं मी गृहीत धरून चालते. त्याच हिशेबानं सगळ्यात पुढचं अक्षर असलेलं, पाण्यासारखं पातळ तेल घेऊन मी शेडमध्ये गेले.

मिस्त्रींनी डबा हलवून बघितला. "लई पातळ हाय, बाई."

"पातळच पाहिजे. शास्त्र पुढे गेलंय, मिस्त्री."

"जुनं काय वंगाळ न्हवतं."

"तुम्ही ओता. जबाबदारी माझी."

त्यांनी ओतलं. चार महिने मी जग जिंकल्यासारखी फिरले. इंजिन हलकं पळत होतं आणि मी ते भेटेल त्याला ऐकवत होते. मग एका रविवारी विंझरच्या पुढे चढाला झाकणाखालून टकटक सुरू झाली, आणि वेल्ह्यापर्यंत जाईतो गाडीतला दम निम्म्यावर आला. तशीच हळूहळू कापूरहोळला आणली.

मिस्त्रींनी आधी तेल काढलं. मी समोरच्या ढाब्यावर पुण्याच्या मंडळींबरोबर चहाला गेले. परत आले तेव्हा इंजिनाचं वरचं झाकण उघडलं होतं. कॅमशाफ्टवरचे उंचवटे अंड्यासारखे टोकदार असायला हवेत. त्यातले दोन लाडवासारखे गोल झाले होते. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"इतकी वर्षं ट्रकचं तेल पाजलंत, त्याचं हे फळ," मी म्हणाले. "नव्या तेलानं फक्त उघडं पाडलं. वाचता येत नाही तर विचारायचं होतं कुणाला तरी. अंदाजपंचे लोकांच्या गाड्यांशी खेळता तुम्ही." आणखीही बोलले. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की मलाच आवरत नाही. ते चार-पाच जण तिथेच उभे होते.

मिस्त्री फडक्यानं हात पुसत होते. म्हणाले, "आसंल, बाई. गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. आता चालवू नका." एवढंच.

मी नसरापूरच्या शेअर रिक्षात बसून घरी गेले. पुढच्या रविवारी एसटीनं भोरला जाताना खिडकीतून पाहिलं तर शेडपुढे माझ्या गाडीशिवाय एकही गाडी नव्हती. मिस्त्री बाहेर बसून पाने-पकडी पुसत होते. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. साठी उलटलेला माणूस, ना दुकानाला पाटी, ना हातात कुठलं प्रमाणपत्र. त्यांच्याकडे होतं ते नाव, आणि ते मी पाच मिनिटांत धुळीला मिळवलं होतं. तरी तेव्हा मला वाटत होतं की मी खरं तेच बोलले. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

त्यांची चूक पुराव्यानिशी सिद्ध करायची म्हणून मी नीट वाचायला बसले. या वेळी डबे नव्हे, त्या दर्जांमागचे नियम. कॅमवर धातू धातूला घासतो तिथे तेलातलं जस्त आणि फॉस्फरस यांचं संयुग एक पातळ थर धरतं आणि झीज वाचवतं. हे मला माहीत असायला हवं होतं, जस्त मी दर वर्षी शिकवते. पण तोच फॉस्फरस जळून धुरात गेला की धूर साफ करणारं यंत्र निकामी करतो. म्हणून पेट्रोलच्या पातळ तेलांत नव्या दर्जांबरोबर त्याला मर्यादा घातली गेली आणि त्याच्याबरोबर जस्तही घटलं. नव्या इंजिनांत कॅमला चाकाचा आधार असतो, त्यांना ते पुरतं. कडक स्प्रिंगांखाली नुसतं घासत फिरणाऱ्या माझ्या जुन्या कॅमचा त्या नियमांत कुणी विचार केलेला नव्हता. आणि जुन्या जातीच्या ट्रकच्या तेलात ते जस्त भरपूर होतं. मिस्त्रींचं "मानवतं" म्हणजे हे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तडक कापूरहोळ गाठलं. मिस्त्री कुणाच्या तरी टेम्पोखाली होते. मी काही न बोलता मागच्या भिंतीशी गेले. माझ्या नंबरचे कागद एका ओळीत होते, आठ-नऊ असतील. सगळे काळपट, पण स्वच्छ. शेवटचा मात्र वळवला की चकाकायचा; चांदीची पूड भुरभुरावी तशी कणी. तारीख पाहिली. मी ज्या दिवशी ओरडले त्याच दिवसाची होती. म्हणजे मी चहा पीत होते तेव्हाच मिस्त्रींनी फिल्टर कापला होता. मी त्यांना नाही नाही ते बोलत होते तेव्हा हा कागद माझ्या पाठीमागे तारेवर सुकत होता. जुने कागद स्वच्छ, नवा भरलेला. त्यांनी नुसतं बोट दाखवलं असतं तरी माझं तोंड बंद झालं असतं.

ते टेम्पोखालून बाहेर आले.

"हे तुम्ही त्या दिवशीच पाहिलं होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाही?"

"तुमी मास्तरीण. त्या लोकांफुडं तुमाला खाली बघाया लावायचं व्हय?" मग कागदाकडे हात करून म्हणाले, "कणी समदी कागदानं धरली, बाई. खालचं इंजिन साफ हाय. कॅम तेवढा नवा घालू."

मला रडू आलं. मी शाळेत गेल्या कित्येक वर्षांत रडलेले नाही, आणि इथे ग्रीसच्या डब्याशेजारी उभी राहून पदरानं डोळे पुसत होते. मिस्त्रींनी शहाण्यासारखं परत टेम्पोखाली डोकं घातलं.

त्या रात्री मी पुण्याच्या सगळ्यांना फोन केले. रविवारी दहा वाजता शेडवर या, म्हटलं. वर्गाला सांगते त्याच आवाजात सांगितलं, म्हणून सगळे आले. मी भिंतीवरचे कागद काढून बॉनेटवर ओळीनं मांडले आणि काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. तेल मी निवडलं, मिस्त्री नको म्हणत होते, मी ऐकलं नाही, कॅम माझ्यामुळे गेला, आणि त्या दिवशी मी जे बोलले ते खोटं होतं. हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं.

मिस्त्री म्हणाले, "माझं बी चुकलं. वतणारा हात माझा व्हता. न्हाई म्हणाया पायजे व्हतं."

त्या मंडळींत एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नवी टर्बो गाडी. ते जरा ओशाळून पुढे आले आणि चावी मिस्त्रींच्या हातावर ठेवत म्हणाले, "मिस्त्री, मग माझ्या गाडीतही तेच ट्रकचं घाला. तुम्ही म्हणाल ते."

मिस्त्रींनी त्या वेळी नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. गेलेलं नाव दोन मिनिटांपूर्वी परत आलं होतं, आणि त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नसता.

"ह्या गाडीचं मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "बाईंना इचारा. त्या वाचतील."

वाचता येत नाही म्हणून ज्या जागी मी त्यांचा पाणउतारा केला होता त्याच जागी, त्याच लोकांपुढे, ते मला उपडी बादली सरकवून बसायला सांगत होते. मी बसले. माझ्या त्या पातळ तेलाचा उरलेला डबा त्यांनी फडताळातून काढून दिला. मी मागची अक्षरं वाचली आणि नियमांत वाचलेलं सांगितलं की छोट्या टर्बो इंजिनात कमी वेगावर जोर दिला की पेट्रोल कधीकधी वेळेआधीच पेटतं आणि पिस्टन फोडतं. ट्रकच्या तेलात कॅल्शियम जास्त, ते याला हातभार लावतं. नव्या तेलात ते कमी केलं आहे. म्हणजे या गाडीला ट्रकचं तेल घातक, आणि माझ्या गाडीत जे नको होतं तेच हिला हवं. फक्त गाडीच्या पुस्तकात कुठली अक्षरं दिली आहेत ती आधी बघायची.

मिस्त्री दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते. डॉक्टरांनी गाडीतून पुस्तक आणलं. मी ते पान काढलं आणि भराभरा वाचून दाखवलं.

"परत एकदा वाचा, बाई," मिस्त्री म्हणाले. "दमानं."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि एकेक अक्षर बोट ठेवून त्यांना दाखवत गेले.