उपाशी गाडी

अशोकदादा साळवे कोणत्याही गाडीचं बॉनेट उघडलं की आधी एक स्पार्क प्लग काढायचे, उन्हात धरायचे आणि त्याचं टोक निरखायचे. टोक तांबूस असलं तर गप्प. पेट्रोल कमी पडून पांढरं पडलेलं दिसलं की मालकाकडे असं बघायचे, जणू त्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे हाल केलेत.

"उपाशी ठेवली व्हय हिला? तोंड बघा कसं पांढरं पडलंय."

सातपूरला माझ्या लेथच्या शेडला लागूनच त्यांचं गॅरेज होतं. गंगापूर रोडची हौशी पोरं महागड्या गाड्या घेऊन यायची आणि सुपरचार्जर बसवून मागायची. हा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. पोरांना तेवढंच माहीत असायचं. दादा मूळचे येवल्याकडचे, बोलणं तिकडचंच. ते म्हणायचे, "हवा म्हणजे पाहुणे. लय पाहुणे बोलावले, पण भात शिजवलाय का? आधी पेट्रोलचा पंप मोठा घाल, ते आत फवारणारे इंजेक्टर मोठे घाल. पेट्रोल पुरलं नाय तर पिस्टन वितळतोय." एखादा घाई करू लागला की चावी त्याच्या हातात देऊन त्याला वाटेला लावायचे. गिऱ्हाइकं तोडण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

प्लगच्या टोकाशी ठिणगीसाठी असलेली फट ते स्वतः कमी करायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. "वाऱ्यात काडी ओढताना हात जवळ धरतो ना आपण? तसंच हाय हे."

त्यांची स्वतःची एक जुनी लाल गाडी शेडच्या कोपऱ्यात उभी होती. गिऱ्हाइकांची कामं सांभाळून तिलाही सुपरचार्जर बसवायचं काम ते थोडं थोडं करत. ती पुरी झाली की त्र्यंबक रोडला एकदा स्वतः पळवायची, एवढीच हौस.

मग त्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. बघता बघता घास उतरेना, नाकातून नळी आली. वहिनी मोठ्या सिरिंजने नळीतून दूध सोडायच्या. दादा पंप-इंजेक्टरची भाषा सोडत नव्हते. "माझाच पंप बारीक पडला रे," म्हणायचे. मी हसायचो, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

लाल गाडीसाठी मोठे इंजेक्टर त्यांनी परदेशातून मागवले होते. ते कुठेतरी अडकून पडले. इकडे दादांच्या अंगातली ताकद रोज कमी होत होती. एका सकाळी बघतो तर गाडी बाहेर काढलेली. सुपरचार्जर जास्त वेगाने फिरावा म्हणून लहान पुली बसवलेली.

"दादा, इंजेक्टर जुनेच आहेत."

"थोडं तर जायचंय. तेवढं चालतंय."

जन्मभर ज्या वाक्यावर त्यांनी पोरांना हाकललं, तेच वाक्य त्यांच्या तोंडून आलं. मी पुन्हा सांगितलं. ते बसले होते, हात स्टिअरिंगवर. मीही बाजूला बसलो.

त्र्यंबक रोडला रस्ता मोकळा मिळाला आणि त्यांनी पाय दाबला. क्षणभर ती गाडी खरंच सुटली. मी त्यांच्याकडे बघितलं. नळी लावलेला तो चेहरा इतका सुखी मी कधी पाहिला नव्हता. मग डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला, धूर निघाला आणि गाडी कडेला लागली.

इंजिन थंड झाल्यावर त्यांनी प्लग काढला, उन्हात धरला. टोक वितळलेलं, त्यावर पिस्टनच्या धातूचे बारीक मणी.

"उपाशी मारली रे मी तिला."

ते रडले. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं. त्या दिवसापासून वहिनींनी सिरिंज जवळ आणली की ते हाताने बाजूला सारायचे. डॉक्टरांनी समजावलं, मी रागावलो, वहिनी पाया पडल्या. त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. थोड्याच दिवसांत गेले. मला त्यांचा राग येतो, अजून येतो. गाडीची शिक्षा माणसाने स्वतःला द्यायची असते का?

ते गेल्यानंतर पार्सल आलं. मी ते त्यांच्या घरी घेऊन गेलो.

वहिनींनी विचारलं, "काय आलंय, भाऊजी?"

"इंजेक्टर."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना तो शब्द पाठ झाला होता. त्यांनी खोका हातात घेतला, उघडला नाही.

"आता वाढायचं कुणाला?" त्या म्हणाल्या, आणि तो फडताळात ठेवून दिला.