न धुतलेलं लुगडं

मी पत्रकं लिहिते आणि बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत स्टेशनांबाहेर उभी राहून वाटते. लोक घेतात, चार पावलांवर टाकतात, मी उचलते, झटकते, पुढच्याला देते. त्यामुळे माझी वाक्यं छोटी आणि आवाज मोठा झालाय, अशी घरात तक्रार असते. असू दे.

आमची बिल्डिंग बदलापूरला, कात्रपमध्ये. मागे एका जोडप्याचा म्हशींचा गोठा आहे. खरं तर त्यांच्या गोठ्यापुढे आमची बिल्डिंग आहे, कारण आधी ते होते. आमचं पार्किंग आहे तिथे त्यांचं भाताचं खाचर होतं. आता नाल्यापलीकडे थोडं शेत उरलंय, आणि म्हशी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात कोणीतरी लिहितं, शेणाचा वास येतो. येणारच. तुम्ही त्याच्या घरी राहायला आलात, तो तुमच्या घरी आलेला नाही.

किटली घेऊन मी लहानपणापासून तिथे दुधाला जाते. त्यांना काका-काकी म्हणते. काकांना अहो आणि काकीला अगं. का, तर सवय. या सवयीवरही एक पत्रक होईल.

ही दोघं एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. भांडण नाही, पद्धतच तशी. जे सांगायचं ते म्हशीला सांगायचं. काकी शेण ओढता ओढता म्हणायची, "बाये, सांग त्याला, पेंड सपली." काका दारातून म्हणायचे, "सांग तिला, मना पन डोळे हायेत." म्हैस रवंथ करत उभी. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगा अंबरनाथ पश्चिमेला फ्लॅट घेऊन राहिला, नातवंडं शाळेत गेली, तरी निरोप्याचं काम म्हशीकडेच.

मला याचा राग यायचा. एकदा म्हणालेच, "काकी, समोर माणूस उभा आहे. सरळ बोल ना."

"सरल बोललं की भांडान व्हतं, बाय," काकी म्हणाली. "म्हस मधी असली की निम्मं तीच खाते."

कामाची वाटणी अशी. काका चारा आणायचे, आणि दुधाचे कॅन मोटरसायकलला लटकवून उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका सिंधी मिठाईवाल्याकडे पोचवायचे. बाकी सगळं काकी. शेण, पाणी, धुणं, दूध काढणं, आजारी जनावर, व्यालेलं जनावर, शिवाय घरचा स्वयंपाक आणि आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून भात लावणं. आणि मिठाईवाल्याकडे त्या दुधाचं नाव काय? 'काकांचं दूध'. मी पत्रकात लिहिलं होतं: 'गोठ्यात राबते बाई, गोठा मात्र बाप्याचा!' काकांनी ते वाचून घडी करून खिशात ठेवलं आणि त्यानंतर मला म्याडम म्हणायला लागले. "आल्या म्याडम. आज कोनाचा मोर्चा?"

त्या वर्षी काकीची सगळ्यात चांगली म्हैस व्याली आणि आठवड्याच्या आत तिचं रेडकू मेलं. रेडकू तोंड लावतं तेव्हा म्हैस पान्हा सोडते, म्हणजे दूध सडांत उतरू देते. ते नसलं की ती दूध चोरून धरते. ही फक्त काकीच्या हाताला पान्हा सोडायची. काकी तिच्या पोटाला डोकं लावून बसायची, बांगड्या वाजवत कास चोळायची, तोंडाने काहीतरी पुटपुटायची. काय, ते विचारलं तर म्हणाली, "घरच्या तक्रारी."

आणि मग काकी गोठ्याच्या ओल्या फरशीवर घसरली. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात हिरव्या बांगड्या फोडून काढल्या, कोपरापर्यंत प्लास्टर घातलं.

बाकीच्या म्हशी कुरकुर करत काकांना दूध द्यायला लागल्या. ही देईना. काका बसले की शेपटी मारायची, पाय झाडायची. मी म्हटलं मी बघते. जीन्स दुमडून बसले. तिने वळून माझ्याकडे बघितलं, आणि बादली लाथेने भिंतीपर्यंत पाठवली.

"तिना पत्रक वाचून दाखव," काका म्हणाले.

पण हसण्यासारखं नव्हतं. कास तटतटून दगडासारखी झाली होती. अशी राहिली की सुजते, पिकते, सड कायमचे जातात. मिठाईवाल्याचा फोन आला, "साईं, आज भी कम है? मेरा मावा कैसे बनेगा?" आणि मुलगा येऊन सांगून गेला की आता पुरे. आईचा हात बरा होईल तेव्हा होईल, रविवारी कल्याणकडचा एक दलाल येतोय, सगळ्या म्हशी बघून घेईल. हे तो काकांना सांगत होता. काकी तिथेच खाटेवर बसली होती. तिला कोणी विचारलं? नाही. ज्या म्हशी तिने पोसल्या, त्या विकायच्या का, हा प्रश्न तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे गेला. मी तोंड उघडलं, तर काकीने डाव्या हाताने माझा कुर्ता खाली ओढला.

काका "बघू" एवढंच म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे हो, हे सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी सकाळी किटली घेऊन गेले तर काकांच्या शर्टाच्या खिशात छोटी बाटली दिसली. पान्हा सोडायला लावणारी सुई. तिच्यावर बंदी आहे, तरी मिळते, आणि ती कुठे मिळते हे सगळ्या गोठेवाल्यांना ठाऊक असतं. मी ओरडणारच होते. त्याआधी काकी खाटेवरून उठली, प्लास्टरचा हात पोटाशी धरून म्हशीपाशी आली.

"बाये, सांग त्याला, सुई टोचायची असंल तर आधी मना टोच म्हनावं."

काका म्हशीलाच म्हणाले, "तिना इचार, मग करू कं? कास फुटाची वाट बघू?"

"सांग त्याला, माजा लुगरा नेस."

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानापर्यंत लाल झाले. त्यांच्या आईच्या वेळी कोणीतरी असंच बाईचं लुगडं नेसून म्हशीला फसवलं होतं, असं नंतर काकीने सांगितलं. पण आईच्या वेळी गोठ्यासमोर चार मजली बिल्डिंगा नव्हत्या. आता प्रत्येक गॅलरीत एक मोबाईल.

"म्हातारपनी माजा तमाशा करतंस?" हे काका सरळ काकीला बोलले. म्हैस मध्ये नव्हती. मग भांडण झालंच. तीस-पस्तीस वर्षांचं जुनं काही काही निघालं, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. शेवटी काका बाटली कोनाड्यात आपटून ठेवून शेतावर निघून गेले.

रविवारी पहाटे मी गेले ती दलालाशी भांडायच्या तयारीने. गोठ्यात काका उभे होते, शर्ट-लेंग्यावर लुगडं गुंडाळून. जांभळं, जरीचं. लोखंडी पेटीतून काढलेलं, लग्नकार्यात नेसायचं. गोठाभर डांबराच्या गोळ्यांचा वास. म्हैस नाक फेंदारून मागे सरत होती, दावं ताणत होती.

काकी दारात बसून हसत होती. हात दुखतोय म्हणत होती आणि हसत होती.

"बाये, सांग त्याला, हलदीला नाय जायचा. हे तर मी नेसले तरी तू वलखनार नाय."

काका वैतागले. "मग कंचा? दोरीवरचा पन धुतलेलाच हाय."

"धुतलेला चालनार नाय."

म्हणजे काय, ते मला काकांच्या आधी कळलं. कालपासून अंगावर असलेलं, डाव्या हाताचं शेण पुसलेलं, घाम मुरलेलं हवं. काकीला आत नेऊन मी ते सोडवलं आणि एका हाताने जमत नव्हतं म्हणून दुसरं नेसवलं. अशा कापडाला आम्ही सभांमधून 'श्रमाचं प्रतीक' वगैरे म्हणतो. हातात घेतलं तर नुसता वास येतो. जड असतं ते.

काकांनी ते नेसलं, डोक्यावरून घेतलं, नाकापर्यंत ओढलं. अर्धं म्हशीसाठी, अर्धं गॅलऱ्यांसाठी. बसले. म्हशीने हुंगलं. शेपटी थांबली. पण पान्हा नाही. काका कास चोळत राहिले, ती उभी राहिली, दूध काही उतरेना.

मग काकी उठली आणि खुंट्याजवळ जाऊन बसली. डाव्या हातात बांगड्या राहिल्या होत्या. तो हात हलवायला लागली आणि ते तिचं पुटपुटणं सुरू केलं. त्या दिवशी मला ते ऐकू आलं. खरंच तक्रारी होत्या. "मिठाची बरनी कुठं असते त्याला ठाव नाय. पोराना फोन कराचा त्याला ठाव नाय. मी नसले तं उपाशी मरंल, बाये, उपाशी मरंल." काका खाली मान घालून चोळत होते. सगळं ऐकत होते, आणि उत्तर देत नव्हते, कारण हलले असते तर म्हैस बिथरली असती.

बादलीत पहिली धार वाजली. मग दोन्ही हातांनी.

दलाल नेमका तेव्हा आला, मागे मुलगा. दलालाने वाकून पदराखाली बघितलं, मिशा बघितल्या, आणि गुडघ्यावर थाप मारली. "काय शेठ, नवी सून आनली कं?"

मुलगा दुसरीकडे बघायला लागला.

"नवी नाय, जुनीच हाय," काकी बांगड्या न थांबवता म्हणाली. "काम आता शिकतेय."

काकांनी कास पूर्ण मोकळी केली. बादली घेऊन उठले. मला वाटलं आधी लुगडं काढून फेकतील. नाही काढलं. दलालाकडे बघितलंही नाही. काकीसमोर येऊन उभे राहिले आणि म्हशीला न सांगता, मुलाला न सांगता, तिलाच म्हणाले, "इकाच्या कं?"

विकायच्या का. एवढंच. हा प्रश्न तिला कोणीतरी विचारावा म्हणून मी इतके दिवस डोकं फोडत होते, आणि तो लुगड्यातल्या माणसाने विचारला.

काकीला सरळ उत्तर द्यायची सवय नव्हती. मग तिने म्हशीच्या मानेवर हात ठेवला.

"बाये, सांग त्याला, लुगरा धुवू नको. सांजचा लागंल."

दलाल चहा पिऊन गेला. मुलगा बादली आत घेऊन गेला.

मी यावर पत्रक लिहायला बसले होते. जमलं नाही. नऊवारी गुंडाळून दूध काढलं म्हणजे बाईचं काम कळलं असं होत नाही, हे मी आजही काकांना तोंडावर सांगते. प्लास्टर निघालं त्या दिवशी काकी पोळ्या लाटायला बसली, आणि काका ताटावर. दुधाला अजून काकांचं दूध म्हणतात. मिठाची बरणी मात्र आता त्यांना माहीत आहे.

त्या म्हशीचं संध्याकाळचं दूध अजून तेच काढतात. काकीच्या मनगटाला थंडीत जोर नसतो. लुगडं गोठ्यातल्या खिळ्यावर असतं, आणि ते धुवायची सगळ्यांना बंदी आहे.