कासवाच्या लेकीची पाठवणी

मी एरवी सहाला उठणारी नव्हे, पण त्या दिवशी चपला हातात घेऊन वाळूतून पळत होते. कोकणातल्या ज्या घरी आम्ही पाहुणे म्हणून उतरलो होतो, तिथल्या सुमनकाकूंनी वाळूत पुरलेल्या अंड्यांवरची टोपली उचलली आणि खाली कासवाची पिल्लं वळवळत होती. तळहातात मावतील एवढी. पाण्यापासून थोडं अलीकडे त्यांना सोडलं. आम्ही दोरीमागे चवड्यांवर बसलो.

"यातल्या माद्या मोठ्या झाल्या की अंडी घालायला इकडेच येतात," काकू म्हणाल्या. "पूर्वी आम्ही ती अंडी खायचो. आता राखतो, म्हणून तुम्ही बघायला येता आणि आमच्या चुली पेटतात."

म्हणजे ही बाळंतपणाला माहेरी येणारी लेकच की. एवढ्या अथांग समुद्रातून तिला हा एवढासा किनारा कसा आठवत असेल?

शेवटचं पिल्लू पाण्याच्या कडेला अडखळलं. मला राहवेना. मी ओरडले, "जा, जा!"

काकूंनी माझा हात दाबला. "माहेरवाशिणीला जा म्हणू नये."

लाटेनं पिल्लाला उचललं, तेव्हा दोरीमागून आम्ही सगळेच हळू म्हणालो, "ये हं."