पंचबोलावरचा उखाणा

चिखलदऱ्याला माणसं हवा खायला येतात म्हणे, पण नुसत्या हवेनं कोणाचं पोट भरल्याचं तानुबाईनं पाहिलं नव्हतं. साहेब आले की कोंबड्या लागत, अमरावतीचे शेठ आले की तुपाचे डबे लागत, आणि हे सगळं परतवाड्याहून घाट चढून डोक्यावर आणायला तानुबाई लागे. सामान उतरवलं की घोटभर पाणी प्यायची, पदर खोचायची आणि पाहुण्यांना जागा दाखवायला पुढं चालू लागायची. पाहुणे धापा टाकत मागून येत.

दाखवायला तिच्याजवळ पुष्कळ होतं. गाविलगडाचा पडका किल्ला होता, त्याच्या दरवाजावरचे दगडी सिंह होते. देवीची कपार होती, तिच्या छतातून ऐन उन्हाळ्यातही पाणी ठिबकायचं. भीमकुंड होतं, जिथं भीमानं कीचकाला मारून हात धुतले. एका मुनीमानं काठावरून खाली डोकावून विचारलं होतं, "हात धुवायला एवढं पाणी कशाला?" तानुबाई म्हणाली, "कीचक केवढा होता थे पाहा ना बापा." मुनीम काठापासून दोन पावलं मागं सरला.

पंचबोल मात्र ती सगळ्यात शेवटी दाखवी. कड्याशी उभं राहून हाक मारावी आणि समोरच्या डोंगरांनी ती पाच वेळा परत द्यावी, अशी ती जागा. शेठजी आपल्या दुकानाचं नाव ओरडत, साहेब आपल्या कुत्र्याचं. तानुबाईला कोणी आग्रह केलाच तर ती "चांद्याऽऽ" म्हणून ओरडे. चांद्या हा तिच्या घरचा बैल.

आणि सगळं दाखवून झालं, हातावर बिदागी पडली, की ती एकच गोष्ट विचारी.

"समुद्र पाह्यला का तुमी?"

ज्यानं पाहिला असेल त्याला ती लवकर सोडत नसे. एका साहेबाकडच्या आयेनं सांगितलं, पाणी खारट असतं, तोंडात धरवत नाही. एका दलालानं सांगितलं, ते रोज पुढं येतं आणि रोज मागं जातं. एक म्हातारा म्हणाला, आपल्या काळ्या रानात पूर आल्यावर दिसतं तसंच, फक्त पलीकडचं गाव नाही. हे शेवटचं तिला पटलं होतं. रात्री झोपडीत पडली की ते पलीकडचं गाव नसलेलं पाणी ती डोळ्यांपुढं आणून बघायची.

कारण तिचा नवरा समुद्र पाहायला गेला होता.

तसा गेला होता तो कापूस घेऊन. तिकडं अमेरिकेत कुठंशी लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला की माणसं अंगणातली तुळस उपटून तिथंही सरकी टोचतील की काय असं वाटावं. रेल्वे अजून वऱ्हाडात पोचली नव्हती. दिवाळी झाली की गाड्यांचे तांडेच्या तांडे नाशिक, इगतपुरी करत घाट उतरून खाडीपर्यंत जात. तानुबाईचं गाव इकडं चिखलदऱ्याच्या घाटाच्या पायथ्याशी. डोंगर बघून तिच्या नवऱ्याचे डोळे विटले होते. "डोंगर काय, जागचा हालत नाई," तो म्हणायचा. "समुद्र हालते म्हन्तात. एकदा पाहून येतो. तुह्यासाठी भोपळ्यात भरून आनतो." चांद्याला त्यानं जोखडाखाली घेतलं. चांद्याचं डावं शिंग अर्धं तुटलेलं होतं, त्यामुळं शंभर बैलांत तो ओळखू यायचा.

होळी झाली, गाड्या परतू लागल्या. तानुबाई परतवाड्याच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. आता इथं तिची अडचण समजून घ्यायला हवी. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. नाव कोणा ठळक देवाचं असतं तर मूर्तीकडं बोट दाखवून आडून सांगता आलं असतं. पण ह्या नावाला तशी आडवाट नव्हती, आणि उखाणा काही रस्त्यावर परक्या गाडीवानापुढं घेत नाहीत. घरी सासू नाही, दीर नाही, गावातले पुरुष कापसात बुडालेले. मग ती येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला विचारू लागली, "खांड्या शिंगाचा चांद्या बैल पाह्यला का? त्याचा गाडीवान कोठी हाय?"

अचलपूरच्या नबी गाडीवानानं बैल थांबवले. तांड्यात माणसं बैलांवरूनच ओळखली जायची, त्यामुळं त्याला प्रश्न चटकन कळला. मान खाली घालून तो म्हणाला, "बहीन, थो तं हैज्याच्या साथीत गेला. इगतपुरीले. अग्नी देल्ला तुमच्याच लोकायनं. म्या लाकडं आनली."

तानुबाईच्या बांगड्या गावच्या बायकांनी फोडल्या, कुंकू पुसलं. वर्ष सरल्यावर रामराव नावाचा बिजवर पाट लावायला तयार झाला. माणूस वाईट नव्हता, आणि कुणब्यांत पाट लावणं हेही काही जगावेगळं नव्हतं. सगळ्यांनी तिला समजावलं. तिलाही समजत होतं. पण रामराव अंगणात येऊन बसला की तिला वाटायचं, हा माणूस दुसऱ्याच्या जागेवर बसलाय. एके दिवशी तिनं गाडगीमडकी उचलली आणि डोंगर चढून चिखलदऱ्याला आली. तिथल्या कोरकूंनी तिला झोपडीपुरती जागा दिली. वर माणसं येत, चार दिवस राहत आणि उतरून जात. कोणी तिचं होत नसे, ती कोणाची होत नसे. हे तिला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

अशी तीनेक वर्षं गेली. तिकडची लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, रेल्वे बडनेऱ्याच्या रोखानं सरकत आली आणि लांब पल्ल्याचे गाडीवान बसून खाऊ लागले. नबीनं बैल विकून तट्टू घेतलं आणि तो पाहुण्यांना डोंगरावर आणू लागला. त्या हिवाळ्यात तो अमरावतीच्या माणिकबाईंना घेऊन आला. माणिकबाई एका अडत्याची बायको, बोलायला मोकळी, चालायला जड. नबीनं तानुबाईला ओळखलं नाही. अशा किती बायांना त्यानं अशी बातमी सांगितली होती. तानुबाईनं मात्र त्याला आवाजावरून ओळखलं आणि त्याच्याकडं पाहायचं टाळलं.

पंचबोलावर माणिकबाईंनी मनसोक्त ओरडून घेतलं. मग म्हणाल्या, "तानुबाई, आता तू."

"चांद्याऽऽ!"

डोंगरांनी चांद्या पाच वेळा परत दिला. तट्टाला दाणा देणारा नबी हसत म्हणाला, "असा एक चांद्या आमच्या तांड्यात होता. खांड्या शिंगाचा. दर्यापूरच्या मानसाजवळ."

तानुबाई वळली. "दर्यापूरचा कावून? बैल माह्या घरचा."

"इकत घेतला होता ना त्यानं. नाशकाले. तुमच्या घाटाकडचे दोघं भाऊबंदासारखे संगं होते. दोघायचेबी बैल लंगडून राह्यले, दोघायनंबी तेथीच इकले अन् दुसरे घेतले. चांद्या सस्त्यात भेटला म्हून दर्यापूरच्यानं घेतला, अन् थो बिचारा इगतपुरीले..." नबी बोलता बोलता थांबला. तिच्या पांढऱ्या कपाळाकडं त्यानं पाहिलं आणि दाणा तिथंच ठेवून तो जवळ आला. "बहीन, रस्त्यावर बैलाचं इचारनारी थे तू होती?"

तानुबाई खालीच बसली. ज्याला अग्नी दिला तो कोणी दर्यापूरचा होता. तिनं दुसऱ्या बाईचं वैधव्य अंगावर ओढून घेतलं होतं.

"मंग माहा मानूस कोठी हाय?"

"थेच तं," नबी म्हणाला. "त्या दोघांतला एक घाट उतरतानी गाडीखाली आला. दुसऱ्याले म्या समुद्रावर पाह्यला, ह्या डोळ्यानं. तुहा कोनता थे कसं सांगू? दोघंबी काळे, दोघंबी उंच, अन् धुरळ्यानं तं सारेच सारखे. नावं आता ध्यानात नाई, पन आयकलं तं ओळखीन. नाव सांग."

तानुबाईनं तोंडावर पदर धरला. मेला असेल तर नाव घ्यायला हरकत नव्हती. पण जिवंत असेल तर? एवढी वर्षं जगलेल्या माणसाचं आयुष्य आपण आपल्या तोंडानं तोडायचं? नाव सांगायला गावातून कोणाला बोलवावं तर नबी दुपारी उतरणार, आणि आता तिच्यानं रात्र निघाली नसती. तोंडापर्यंत आलेलं नाव तिनं दोनदा गिळलं. माणिकबाईंना तिची तगमग बघवेना. त्या म्हणाल्या, "अगं, उखाण्यात घे. उखाण्यात घेतलं तर दोष नसतो."

"माहं कपाळ पांढरं, बाई. मले कोठचा उखाना?"

"पांढरं की लाल ते अजून ठरायचंय," माणिकबाई म्हणाल्या.

तानुबाई उठली. लग्नात घास भरवताना बायकांनी अडवून उखाणा घ्यायला लावला होता, तोही दुसऱ्यानं शिकवलेला; त्यानंतर तिनं घेतला नव्हता. हा तिला स्वतःच जुळवावा लागला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, दरीकडं पाहिलं, आणि नव्या नवरीसारखी मान खाली घालून हळू म्हणाली,

"डोंगराले पाच बोल, समुद्राले नाई थांग,
गोमाजीचं नाव घेते, नबीभाऊ, खरं सांग."

"गोमा!" नबी ओरडलाच. "हाव, गोमाच! समुद्रावरचा थो गोमा. जित्ता हाय, बहीन, जित्ता हाय!"

तिला इतका आनंद झाला की तिनं माणिकबाईंचे हात धरले, मग आपण काय केलं हे कळून सोडून दिले. माणिकबाईही रडत होत्या. मग तानुबाईनं विचारलं, "कदी येतो म्हने?"

नबी तट्टाचा तंग आवळू लागला. तो आधीच आवळलेला होता.

"नबीभाऊ, खरं सांग म्हटलं म्या."

"म्या त्याले म्हटलं, चाल, गाड्या वापस चालल्या. थो म्हने, तुमी व्हा समोर. खाडीवर होडीत कापसाचे गठ्ठे भरते थो. तेथीच झोपडं हाय." नबी खाली बघून पुढं म्हणाला, "दोन सालानं म्या पुन्हा गेलो तं तेथीच होता. एकटा नाई राहात. बाई हाय घरात. लेकरूबी पाह्यलं म्या."

तानुबाईनं मान हलवली. जणू समुद्राविषयी आणखी एक माहिती मिळाली होती, पाणी खारट असतं तशी. माणिकबाईंनी तिला चार दिवस अमरावतीला चल म्हटलं. ती नको म्हणाली. दुपारी ते सगळे उतरून गेले.

मग ती एकटीच पुन्हा कड्यावर आली. तिला राग आला होता, आणि तो रडण्यापेक्षा मोठा होता. हैजा नाही, घाट नाही, दरोडा नाही. चालत आलं तरी महिन्या-दीड महिन्याची वाट, आणि त्याला यायचं नव्हतं. इकडं तिनं बांगड्या फोडून घेतल्या, रामरावाला परत पाठवलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून विचारून एक समुद्र गोळा केला. तिनं ठरवलं, आता उखाणा नाही न् काही नाही. उघडं नाव घ्यायचं, बेंबीच्या देठापासून. आपण एकदा घेऊ, डोंगर पाचदा घेतील. होऊ दे त्याचं आयुष्य किती कमी व्हायचं ते.

तिनं छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं. ओठ नावावर येऊन थांबले आणि त्याचं ते दाराशी वाकून चांद्याची वेसण धरणं तिला दिसलं.

"चांद्याऽऽ!" ती ओरडली.

पाचही वेळा चांद्याच परत आला.

अंधार पडायच्या आत ती देवीच्या कपारीत गेली. देवीपुढच्या कुंकवात बोट बुडवून तिनं कपाळाला लावलं. पुढच्या बाजाराला तशीच परतवाड्याला उतरली. गावच्या बायकांनी ते कपाळ पाहिलं आणि रस्त्याच्या पलीकडं गेल्या. विधवा होती तोवर निदान त्या जवळ बसून हळहळत तरी होत्या. आता ना तिच्याजवळ नवरा होता, ना लोकांची हळहळ. एकीनं धीर करून विचारलं, हे काय गं? "हाय थो," तानुबाई म्हणाली. "समुद्राकडे हाय." बाई तिला वेडी समजून निघून गेली.

पुढंही पुष्कळ वर्षं ती पाहुण्यांना किल्ला दाखवत राहिली, कुंड दाखवत राहिली. समुद्राचं मात्र तिनं पुन्हा कोणाला विचारलं नाही. पंचबोलावर एखादी हौशी पाहुणी तिचं ठसठशीत कुंकू पाही आणि म्हणे, "घ्या ना यजमानांचं नाव, बघू डोंगर काय म्हणतो." तानुबाई हसून मान हलवी.

"एकदा घेतलं होतं माय," ती म्हणे, आणि उतरायची वाट दाखवायला पुढं चालू लागे.