थांबती हाक

गुरुवारी दुपारी लॉन्ड्रीत चादरी दाबताना थोरलीचा हात वाफेच्या प्रेसखाली जाता जाता वाचला. एकतीस वर्षं तिने त्या यंत्रावर काढली होती, हॉस्पिटलच्या चादरींचे डोंगर सरळ केले होते, पण असं कधी झालं नव्हतं. शेजारची ओरडली, "अगं, लक्ष कुठंय तुझं?" थोरली म्हणाली, "कुठं नाही." 

सकाळी लेकीचा फोन आला होता. "आई, शनिवारी अकराला स्टुडिओत ये. तुझ्या डोंगरातल्या दोन्ही हाका रेकॉर्ड करायच्यात. आणि मामालाही आण. गाणं त्याच्यावरच लिहिलंय, आधी त्यालाच ऐकवायचं."

लेक फोक मेटल वाजवायची. हे प्रकरण काय असतं, ते थोरलीला समजायला दोन वर्षं लागली होती. आधी तिला वाटलं, पोरीच्या खोलीत कुणी कपाट पाडलं. मग लेकीने तिला शेजारी बसवून शांतपणे सांगितलं, की मेटल म्हणजे हा जो गोंगाट तुला ऐकू येतो तो, खालच्या सुरात लावलेल्या गिटारी आणि दोन्ही पायांनी बडवलेला ड्रम. त्यात जुनी वाद्यं आणि जुनी गाणी मिसळली की झालं फोक मेटल. जगभर असे बँड आहेत. कुणी समुद्रावरची गाणी घेतं, कुणी जंगलातल्या भुताखेतांच्या गोष्टी, कुणी आजोबांचा अकॉर्डियन माळ्यावरून खाली काढतं. काही बँड असे की ऐकून नाचावंसं वाटतं, काही असे की दिवसाउजेडी दाराची कडी तपासावीशी वाटते. लेकीच्या बँडमध्ये ती व्हायोलिन वाजवायची, आणि वाघासारखा गुरगुरून गाणारा जो होता तो एरवी ग्रंथालयात नोकरीला होता आणि लोकांना कुजबुजत पुस्तकं द्यायचा. थोरलीला तो फार आवडायचा. दर खेपेला घशासाठी मध आणून द्यायची.

पण या वेळी लेकीने गोष्ट उचलली ती घरातली.

थोरलीचं लहानपण डोंगरात मेंढ्यांमागे गेलं होतं. तिथे दोन हाका होत्या. येती हाक ऐकली की मेंढ्या आणि पोरं हाकेच्या दिशेने निघायची. थांबती हाक धुक्यासाठी, ती कानावर पडली की जिथे असाल तिथे पाय रोवून उभं राहायचं, कुणी न्यायला येईपर्यंत. दोन्हींची सुरुवात एकच. येतीचं शेपूट वर चढायचं, थांबतीचं छातीत खोल उतरायचं. आणि घाबरलेला गळा आपसूक वर चढतो, म्हणून आईने तिला बजावलं होतं, थांबती हाक देताना हनुवटी छातीला टेकव, मगच तोंड उघड.

ती तेरा वर्षांची होती आणि भाऊ नऊ. धुकं उतरलं तेव्हा तो कड्याच्या पलीकडे होता आणि थोरली इतकी घाबरली होती, की हनुवटीची आठवणच राहिली नाही. हाक वर चढली. भाऊ हाकेमागे सरळ चालत आला आणि मधल्या घळीत पडला. जीव वाचला, डावा पाय कायमचा गेला कामातून.

वडिलांनी विचारलं, "कुठली हाक दिलीस?"

"थांबती," थोरली म्हणाली.

एवढंच. मग वडील खाटेवरच्या पोराला बोलले, कान फुटलेत का तुझे, बहीण थांब म्हणत होती. आणि पोराने ते खरं मानलं. चव्वेचाळीस वर्षं मानत आला. काहीही सांगा, त्याचं ठरलेलं, "पुन्हा सांग." भाचरं त्याला 'पुन्हामामा' म्हणून चिडवायची आणि तोही हसायचा. धंदा धरला तो घड्याळदुरुस्तीचा, म्हणजे डोळ्यांचा. तरी दुरुस्त केलेलं घड्याळ दोनदा कानाला लावायचा आणि मग बायकोकडे द्यायचा, "तू ऐक, माझ्या कानांचा भरवसा नाही." थोरली प्रत्येक वेळी दुसरीकडे बघायची. आज सांगू, उद्या सांगू करता करता केस पिकले. भीती मात्र तेरा वर्षांच्या पोरीचीच राहिली, त्याला कळलं तर तो आपलं तोंड पाहणार नाही.

आता तेच गाण्यात येणार होतं. लेकीने ओळी पाठवल्या होत्या. बहीण थांब म्हणाली, वेड्या पोराच्या कानांनी दगा दिला, असं काहीतरी. शेकडो लोक माना हलवत ते तिच्या भावाला म्हणून दाखवणार होते.

शुक्रवारी तिने ताप आल्याचं सांगायचं ठरवलं. घसा बसलाय म्हणावं, असंही मनात आलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही आणि सकाळी तिने गुपचूप चपला घातल्या.

स्टुडिओ म्हणजे एका छपाईच्या कारखान्यामागच्या दोन खोल्या, मध्ये जाड काच. थोरलीला आतल्या खोलीत माइकसमोर उभं केलं, कानांवर हेडफोन दिले. काचेपलीकडे लेक, ग्रंथालयवाला आणि सोफ्यावर काठी घेऊन भाऊ. तो भलताच खुशीत होता. हेडफोनमधून त्याचा आवाज आला, "ही दुसरी नीट ऐका हं. हीच मला कळली नव्हती. माझे कान पहिल्यापासूनच अधू."

थोरलीने येती हाक दिली. मग हनुवटी छातीला टेकवून थांबती दिली, अगदी आईने शिकवल्यासारखी. पलीकडे टाळ्या वाजल्या.

"झालं आई, बाहेर ये. एक नंबर!"

दार चार पावलांवर होतं. निघून गेली असती तर कुणाला कधी पत्ता लागला नसता, आणि हे कळत असल्यामुळेच ती माइकसमोरून हलली नाही.

"अजून एक घे," ती म्हणाली.

तिने डोळे मिटले. हनुवटी टेकवली नाही. धुक्यातली ती हाक जशीच्या तशी गळ्यातून निघाली, फाटकी, वर चढत गेलेली.

लेक गोंधळली. "आई, ही परत येतीच झाली ना?"

"त्या दिवशी मी हीच दिली होती," थोरली म्हणाली. मग ती काचेतून भावाकडे वळली. "थांबती नाही दिली. घाबरले आणि चुकले, आणि मग बाबांशी खोटं बोलले. तू बरोबर ऐकलं होतंस, बाळा. तुझे कान चांगले होते."

ग्रंथालयवाल्याने खाली पाहिलं. भाऊ सोफ्यावर होता तसाच बसून होता, तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं. लेकीने हळूच विचारलं, "मामा? ऐकलंस ना?"

आता तो "पुन्हा सांग" म्हणणार, असं सगळ्यांनाच वाटलं. थोरलीला तर खात्रीच होती, आणि पुन्हा सांगायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"ऐकलं," भाऊ म्हणाला.

तो थोरलीकडे बघत राहिला. राग होता का रडू, काचेतून तिला काही कळेना, आणि दार उघडून बाहेर जायची तिची छाती होईना. मग त्याने खिशात हात घातला आणि कुणाचंतरी दुरुस्तीचं घड्याळ बाहेर काढलं. ते कानाला लावलं, एकदाच, आणि परत खिशात ठेवून दिलं.